मलबार की कुंदापूर? मासे, डोंगर आणि समुद्र एकाच सुट्टीत

शनिवार-रविवारला दोन-तीन रजा जोडायच्या आणि तेवढ्यात दक्षिणेतलं खाणं, एक डोंगर आणि थोडा समुद्र बसवायचा, असा बेत असेल तर मुन्नार-वर्कला हे नाव आधी खोडा. कोचीहून मुन्नार गाठायला चार तास लागतात आणि तिथून वर्कलाला उतरण्यात आणखी एक दिवस जातो. केरळ बघून होतं, पण गाडीच्या काचेतून. छोट्या सुट्टीसाठी माझ्या मते दोनच बेत विचारात घेण्यासारखे आहेत. एक, कोळिकोड-वायनाड-कण्णूर हा मलबारचा, म्हणजे उत्तर केरळचा त्रिकोण. दुसरा, कर्नाटक किनाऱ्यावर उडुपीच्या उत्तरेला कुंदापूर मुक्कामी राहून कोल्लूरचं देऊळ, कोडचाद्रीचा डोंगर आणि मरवंथेचा किनारा. मी दोन्ही केले आहेत.

खाण्यात कोळिकोडच्या पुढे जाणं कठीण, हे आधीच मान्य करून टाकतो. तिथली बिर्याणी बारीक, आखूड दाण्याच्या कैमा तांदळाची. हैदराबादी तिखटपणाची अपेक्षा ठेवून गेलात तर पहिला घास फिका वाटेल. थोडा धीर धरा. तांदळाचं सारण भरून तळलेले शिंपले (अरिकडुक्का), पिकलेल्या नेंद्र केळ्याचं उन्नक्काया, वर लिंबू पिळलेला कोरा सुलेमानी चहा आणि मिठाई तेरुवु या बाजाररस्त्यावरचा हलवा. नुसतं खायला जायचं असेल तर पुढे वाचूच नका, नेत्रावती एक्सप्रेसचं तिकीट काढा.

पण कुंदापूरही काही कमी नाही. चिकन घी रोस्ट मूळचं याच गावचं: ब्याडगी मिरची, चिंच आणि हात न आखडता घातलेलं तूप. सोबत नीर डोसा. बांगड्याची पुळीमुंची (चिंच-मिरचीचं कालवण), रव्यात तळलेली मुडदुशी, तिसऱ्यांचं सुकं हे सगळं मालवणी जिभेला ओळखीचं, फक्त मसाल्याचं वळण वेगळं. सकाळी मंगळूर बन्स (केळं घातलेल्या गोडसर पुऱ्या), चार वाजता गोळीबजे (मैद्याची गोल भजी). आणि घरात कुणी शाकाहारी असेल (आमच्याकडे आहे), तर इथे त्याला परक्यासारखं वाटत नाही. उडुपी चाळीस किलोमीटरच्या आत आहे. कोळिकोडलाही शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण सगळं टेबल बिर्याणीवर तुटून पडलेलं असताना त्याने मसाला डोसा मागवायचा, हे जरा जिवावर येतं.

समुद्राचं म्हणाल तर दोन्हीकडे खोट आहे. कण्णूर आणि तलश्शेरीच्या मधला मुळप्पिलंगाड चारेक किलोमीटर लांब, वाळू इतकी घट्ट की लोक थेट गाड्या चालवतात. मुलांना मजा येते. मला किनाऱ्यावर हॉर्न नको वाटतो. मरवंथेला राष्ट्रीय महामार्ग 66 च्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी. देखणं आहे, पण हॉर्न तिथेही आहेच, वर ट्रकचा. शिवाय पाण्याला ओढ आहे, तिथे पोहायला उतरू नये. डुंबायचं तर मलपे किंवा पडुबिद्री गाठावं. निवांत बसायला बैंदूरचा सोमेश्वर किनारा मला जास्त आवडला. समुद्रापुरता निकाल बरोबरीचा समजा.

माझ्यापुरता निकाल लावला तो घाटाने.

वायनाड जिल्ह्यात रेल्वे नाही. कोळिकोडहून वर जायचं ते तामरश्शेरी घाटाने, अडिवारमपासून लक्किडीपर्यंत नऊ तीव्र वळणं. घाट सुंदरच आहे. मात्र हाच राष्ट्रीय महामार्ग 766 म्हैसूरकडे जातो, त्यामुळे मालवाहू ट्रक, बंगळुरूच्या गाड्या, वायनाडच्या रिसॉर्टांना निघालेलं अर्धं कोळिकोड, सगळे त्याच नऊ वळणांवर. एखादा लांब ट्रक वळणात अडकला की वरचे वर आणि खालचे खाली. शनिवारी सकाळी आम्ही असेच अडकलो. पुढच्या गाडीतली मंडळी उतरून चादर पसरून केळी खायला बसली, तेव्हा लक्षात आलं की यांना हे नेहमीचं आहे. कुट्टियाडीचा किंवा कण्णूरकडचा नेडुंपोयिलचा घाट आहे, पण तेही अरुंद आणि वळणांचे. शिवाय एकदा रांगेत शिरल्यावर मागे वळणार कसं?

त्याचा फटका पुढे बसतो. वायनाडमधल्या चेंब्रा शिखरावर वन खातं सकाळी मोजकेच लोक सोडतं. उशिरा पोचलात तर चढाई हुकते, म्हणून आदल्या रात्री वर मुक्काम करावा लागतो. हृदयाच्या आकाराच्या तळ्याच्या पुढे, शिखरापर्यंत, सहसा जाऊ देत नाहीत. वणव्याच्या दिवसांत, पावसात किंवा हत्ती फिरत असले की सगळंच बंद. बंद ठेवणं योग्यच आहे. मेप्पाडीजवळ 30 जुलै 2024 ला दरड कोसळून काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण चार दिवसांच्या सुट्टीत डोंगर असा अधांतरी लटकलेला परवडत नाही. परत उतरताना रविवारची गर्दी असतेच. त्या दिवशी दुपारची बिर्याणीही घाटातच राहिली. हा घाट टाळणारा आनक्काम्पोयिल ते मेप्पाडी बोगदा पुरा झाला की कदाचित मीच मत बदलेन.

कुंदापूरला डोंगर आणि समुद्र एकमेकांना चिकटून आहेत. कोल्लूर साधारण तासाभरावर, मूकांबिकेचं दर्शन वाटेतच होतं. कोडचाद्री 1,343 मीटर. वरच्या टप्प्यापर्यंत जीप जाते, आणि ती कशी जाते हे पाठीला विचारावं. माझं ऐकाल तर हिडलुमने धबधब्याच्या वाटेने चालत चढा. जंगल, पाण्याच्या काठाने दगडांवरून चढण, मग एकदम उघडी गवताळ सोंड. शेवटी शंकराचार्यांचं सर्वज्ञ पीठ म्हणून ओळखलं जाणारं छोटं दगडी मंदिर. हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला समुद्राची रेघ दिसते. भर पावसात ही वाट नको, ओसरत्या पावसातही जळवा सोडत नाहीत. राजगड-तोरणा करणाऱ्याला चढण किरकोळ वाटेल. त्याला कुद्रेमुख (1,894 मीटर) अधिक शोभेल, पण तिथे आगाऊ परवानगी, रोजच्या संख्येची मर्यादा आणि पायथ्याचा मुक्काम आला, म्हणजे समुद्राचा दिवस गेला.

इथेही वन खात्याचे नियम बदलत असतात, निघण्याआधी चौकशी करावी. फरक इतकाच की कोडचाद्री नाहीच जमलं तर त्या दिवसाचं काही अडत नाही. खाली उतरायला तास, संध्याकाळी समुद्रावर आणि रात्री जेवायला वेळेत.

मुंबई, ठाणे किंवा पनवेलहून दुपारची मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडली की पहाटे कुंदापूर. रजेचा दिवस न घालवता पहिला नाश्ता तिथेच. कोळिकोडला नेत्रावती त्याच रुळांवरून, पण आणखी काही तास घेऊन पोचते. नोव्हेंबर ते जानेवारी दोन्हीकडे उत्तम. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच संथ होतं, तेव्हा दोन्ही बेत बाजूला ठेवा.

मलबार मी रद्द करायला सांगत नाही. तेय्यम हे तिथलं विधीनृत्य बघायचं असेल तर कण्णूरला पर्याय नाही, आणि त्याचा हंगामही हिवाळ्यातलाच. मात्र मग वायनाड सोडा, कोळिकोड ते कण्णूर रेल्वेने फिरा आणि डोंगराचं नाव काढू नका. कुंदापूरला गेलात तर घी रोस्ट कोडचाद्रीच्या आदल्या रात्री खाऊ नका, उतरल्यावर खा.