इंदूर-पुणे प्रवासाआधीचं ऑइल चेंज : चार लिटरचं बिल, साडेतीनची गाडी

इंदूरच्या राजेंद्रनगरातून पुण्याला निघालेल्या एका पेट्रोल गाडीच्या बाबतीत घडलेलं हे प्रकरण. दिवाळीच्या सुट्टीत इंदूरहून गावी जाणाऱ्यांनी आधी वाचावं, म्हणून सविस्तर लिहीत आहोत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गाडी हवा भरायला एका गॅरेजात थांबली. मिस्त्रीनं डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढली, थेंब बोटांत चोळला आणि म्हणाला, "ऑइल जल गया भैया, घाट में इंजन बैठ जाएगा." सेंधव्यापुढचा बिजासन घाट डोळ्यांसमोर असला की माणूस घाबरतोच. वास्तविक काळा रंग किंवा बोटाला लागणारा पातळपणा ही ऑइल निकामी झाल्याची खूण नव्हे. ऑइल काजळी स्वतःत धरून ठेवतं, म्हणून ते काळं होतं. डिझेल गाडीत तर नवं ऑइलसुद्धा थोड्याच दिवसांत काळं पडतं. गरम ऑइल पातळ लागणारच. या गाडीचं ऑइल बदलून ४,००० किमी झाले होते, मॅन्युअलमधली मुदत १०,००० किमी किंवा १ वर्ष, आणि जाऊन-येऊन प्रवास साधारण १,२०० किमीचा. बदलायची गरजच नव्हती, तरी मालकानं घाबरून बदलून घेतलं.

पैसे लावले ४ लिटर सिंथेटिकचे, शिवाय फिल्टर आणि फ्लशिंगचे (रसायन घालून इंजिन आतून धुण्याचे). मॅन्युअलप्रमाणे फिल्टरसकट मावतं साडेतीन लिटर. उरलेलं अर्धा लिटर मालकाला मिळालं नाही. तेही आत ओतलं असतं तर आणखी वाईट, कारण पातळी वरच्या खुणेपलीकडे गेली की क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरता दांडा) ऑइल घुसळतो, फेस होतो आणि बेअरिंगला नीट दाब मिळत नाही.

खरी फसवणूक ग्रेडमध्ये, म्हणजे ऑइलच्या दाटपणाच्या आकड्यात होती. गाडीला ०डब्ल्यू-२० लागतं, ओतलं ड्रममधलं सुटं २०डब्ल्यू-५०. वर समजूत घातली की उन्हाळी मुलखात जाडच ऑइल बरं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड इंजिनातला प्रवाह सांगतो, नंतरचा १०० अंशांवरचा दाटपणा. थर्मोस्टॅट इंजिनचं तापमान ठरावीक पट्ट्यात राखतो, त्यामुळे बाहेर ऊन आहे म्हणून जाड ऑइल घालणं हा तर्क टिकत नाही. आजच्या इंजिनांत ऑइलच्या वाटा अरुंद असतात, बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह टायमिंगही (झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ) ऑइलच्या दाबावर चालतं. जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ घेतं. झीज तिथेच होते आणि मायलेजही पडतं. मॅन्युअलमध्ये एकाहून जास्त ग्रेड दिले असतील तर त्यांतलाच घ्या. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेलला कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल हवं. राख रिजनरेशनमध्ये, म्हणजे काजळी जाळून तो फिल्टर मोकळा करताना, जळत नाही, त्यातच साचत जाते.

या गाडीचा ऑइल फिल्टर तर बदललाच नव्हता, जुनाच पुसून चकचकीत केला होता. यावर सोपा उपाय आहे. गाडी देण्याआधी जुन्या फिल्टरवर मार्करनं खूण करा आणि काम झाल्यावर तो हातात मागा. त्याची रबरी रिंग त्यालाच चिकटून आलेली आहे ना, हेही पाहा. ती इंजिनला चिकटून राहिली आणि वर नवी रिंग बसली, तर हायवेवर दाब वाढताच गळती सुरू होते आणि ऑइल बघता बघता संपतं.

डबा सीलबंद, आपल्यासमोर उघडलेला हवा. झाकणाची कडी आणि आतलं फॉइल दोन्ही शाबूत पाहिजेत. रिकामा डबा घरी आणा किंवा तिथेच भोक पाडा. भंगारातून गेलेले चांगले डबे पुन्हा भरले जातात. फ्लशिंगला सरळ नाही म्हणा. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनला त्याची गरज नसते आणि त्याचा उरलेला अंश नव्या ऑइलला पातळ करतो.

ऑइल बदलायचंच असेल तर आठवडाभर आधी बदला. ड्रेन प्लगचा (जुनं ऑइल काढायच्या बोल्टचा) वॉशर नवा घाला. नंतर दीड-दोनशे किमी शहरातच चालवा, रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा. सकाळी सपाट जागी, इंजिन सुरू करण्याआधी डिपस्टिक पाहा, पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवी. वाटेत ऑइलचा लाल दिवा लागला तर तो दाब गेल्याचा इशारा आहे. पुढचा ढाबा गाठायचा विचारही करू नका, सुरक्षित कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करा.

बिलावर ग्रेड, लिटर, ब्रँड आणि फिल्टरचा पार्ट नंबर लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना हाच कागद कामाला येतो. या गाडीच्या मालकाकडे मात्र पाठकोऱ्या कागदावर नुसतं "सर्विस" आणि एक आकडा होता.