एडिसनमध्ये बनलेली १९६७ची मस्टँग: रिस्टोरेशननंतरचे अकरा महिने आणि तीन हजार मैल

गाडी: फोर्ड मस्टँग हार्डटॉप (पक्क्या छपराची, वेगळी डिक्की असलेली), १९६७. इंजिन २८९ घन इंचांचं व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, सी-४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या अ‍ॅक्सलला ३.००चा गिअर रेशो. गाडीचा ओळख नंबर (व्हीआयएन) ७टी०१सी पासून सुरू होतो. ७ म्हणजे १९६७, टी म्हणजे मेटुचेन कारखाना, ०१ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे दोन बॅरलचं २८९. मेटुचेन हे नावापुरतंच. कारखाना न्यू जर्सीत एडिसनला होता आणि २००४ साली बंद झाला. एडिसन म्हटलं की ओक ट्री रोडवरची मिठाईची आणि साड्यांची दुकानं आठवतात, पण त्याच गावात एके काळी मस्टँग बनत होत्या.

त्या वर्षी ४,७२,१२१ मस्टँग बनल्या आणि त्यांतल्या ३,५६,२७१ हार्डटॉप होत्या. गाडी दुर्मीळ नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो आणि त्याच कारणाने विकताना खर्च निघत नाही. फास्टबॅकचे (छप्पर मागे उतरत जाणाऱ्या मस्टँगचे) भाव बघून हार्डटॉपला हात घालणाऱ्याने हिशोब आधीच करावा. कट्टर मंडळी हिला मसल कार (दणकट इंजिनाची) मानत नाहीत, पोनी कार (आटोपशीर, स्पोर्टी) म्हणतात. २०० हॉर्सपॉवरचा आकडाही त्या काळच्या ग्रॉस पद्धतीचा, म्हणजे फॅन, एअर फिल्टर, सायलेन्सर असली ओझी न लावता मोजलेला. चाकांपर्यंत त्यातलं बरंच कमी पोहोचतं. वाद घालणाऱ्यांनी घालावा, लिहायचं आहे ते वेगळंच: गाडी नव्यासारखी करताना, म्हणजे रिस्टोरेशनमध्ये, कोणत्या कामाचं समाधान मिळालं आणि कशाचा पस्तावा झाला.

सगळ्यात जास्त समाधान देणारं काम बाहेरून दिसतच नाही. ते म्हणजे काउल. विंडशील्डच्या खाली, वायपरच्या पुढे हवा आत घेणारा दुहेरी पत्र्याचा डबा असतो. आत डावीकडे-उजवीकडे टोपीसारखी उभी दोन तोंडं असतात. पानं आणि माती साचून या तोंडांच्या बुडाशी पत्रा सडतो आणि पावसाचं पाणी थेट पायांवर पडतं. गालिचा ओला राहतो, मग फ्लोअर सडतो. फ्लोअर बदलून काउल तसंच ठेवलं, तर नवा फ्लोअरही त्याच वाटेने जातो. तपासणी फुकटात होते: गालिचा काढा, बादलीभर पाणी काउलच्या जाळीत ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन बघा. बाजूंनी फेंडरमागून (पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांमागून) पाणी खाली पडलं तर ठीक, आत थेंब दिसला तर काम निघालं. सिलिकोन लावून भागतं असं सांगणारे भेटतील. पुढच्या हिवाळ्यापर्यंत भागतंही. खरं काम म्हणजे फेंडर उतरवायचे, काउलच्या वरच्या पत्र्याचे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे, खालचा पत्रा बदलायचा, एपॉक्सी प्रायमर आणि सीम सीलर लावून पुन्हा वेल्ड करायचं. कंटाळवाणं आणि महाग काम आहे. पण अकरा महिन्यांत जर्सीचे दोन जोरदार पाऊस झेलून गालिचा कोरडा आहे, आणि बाकीचं सगळं त्यावर टिकून आहे.

पत्र्याच्या कामात पस्तावा आहे तो क्रमाचा. ही गाडी युनिबॉडी आहे, वेगळी चासी नाही. फ्लोअर कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या नळ्या वेल्ड करून बॉडी जखडली नाही, तर ती किंचित बसते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. ते इथे पाळलं होतं. चुकलं ते पुढे. नवे फेंडर आणि बोनेट आधी रंगवले आणि मग बसवले. नकली म्हणजे रिप्रॉडक्शन पत्रा मूळ पत्र्याच्या साच्याशी तंतोतंत जुळत नाही. फेंडरची मागची कड आणि दार यांच्यातली फट वर ४ मिलिमीटर, खाली ७ असा प्रकार होतो. मग रंगवलेल्या कडा घासा, शिम (पातळ चकत्या) घाला, पुन्हा रंगाची डागडुजी करा. बरोबर क्रम असा: सगळे पत्रे, दारांचे रबर, लॉक, काचा आणि बंपरसुद्धा कच्च्या प्रायमरवर एकदा पूर्ण बसवून बघायचं, फटी जुळवायच्या, मग सगळं उतरवून रंगवायचं. दारांचं नवं रबर जाड असतं. पहिले काही आठवडे दार आपटावं लागतं. रबर न लावता जुळवलेलं दार रबर लावल्यावर बाहेर येतं, हे रंगानंतर कळणं फार जिव्हारी लागतं. बोनेट आणि छप्पर यांना वाळूचा मारा देऊ नका. सपाट पत्रा ताणला जाऊन लाटा येतात आणि मग लांबीचे (पुटीचे) थर चढवत बसावं लागतं. तिथे केमिकल स्ट्रिपर किंवा प्लास्टिक मीडिया बरा.

इंजिनाबद्दल एक स्पष्ट पस्तावा आहे: कॅमशाफ्ट (कॅम), म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. कॅटलॉगमध्ये एक पायरी वरचा कॅम नेहमीच मोहात पाडतो. ०.०५० इंच लिफ्टवर २२० अंशांपेक्षा जास्त ड्युरेशनचा (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम, मूळ टॉर्क कन्व्हर्टर आणि ३.००चा रेशो ही जोडी जमत नाही. सिग्नलवरून निघताना गाडी सुस्त. आयडलिंगला व्हॅक्यूम कमी, त्यामुळे बूस्टर असेल तर ब्रेक पेडल कडक. सी-४चा व्हॅक्यूम मॉड्युलेटरही त्याच व्हॅक्यूमवर गिअर बदलायची वेळ ठरवतो, तेव्हा गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात. आवाज मात्र झकास येतो, आणि फसतात ते तिथेच. रस्त्यावर वापरायच्या गाडीला मूळ कॅमच्या जवळपासचाच कॅम घ्यावा. शक्य असेल तर रोलर, म्हणजे टॅपेटला (कॅमवर टेकणाऱ्या भागाला) चाक असलेला. सपाट टॅपेटचा कॅम नवा असताना इंजिन सुरू होताक्षणी २,००० ते २,५०० आरपीएमवर वीस ते तीस मिनिटं चालवावं लागतं. आयडलिंगला सोडलं तर लोब (कॅमचे उंचवटे) आणि टॅपेट एकमेकांना खातात. म्हणून किल्ली फिरवण्याआधी कार्ब्युरेटर भरलेला, स्पार्कचं टायमिंग जवळपास बरोबर आणि रेडिएटर भरलेला हवा. पुढेही ऑइलमध्ये झिंक पुरेसं लागतं, साधारण १,००० ते १,२०० पीपीएम. आजच्या गाड्यांसाठीच्या बहुतेक ऑइलमध्ये ते कमी असतं.

याच इंजिनातले चार सापळे, जे जाणत्या गॅरेजमधूनही सुटतात:

बॅलन्स. २८९ आणि जुन्या ३०२च्या फ्लायव्हील-डॅम्परवर मुद्दाम ठेवलेलं असंतुलन २८ औंसांचं, ऐंशीच्या दशकातल्या ५.० लिटरचं ५० औंसांचं. फ्लायव्हील, फ्लेक्सप्लेट (ऑटोमॅटिकमधलं फ्लायव्हील) किंवा डॅम्पर (क्रँकच्या पुढच्या टोकाचं, कंपन शोषणारं चाक) चुकीच्या पिढीतला लागला की इंजिन वेगासोबत थरथरतं आणि बेअरिंग खातं. लोक महिनोन्महिने माउंट बदलत बसतात.

फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम. २८९ची १-५-४-२-६-३-७-८. बाजारातले बरेच कॅम ३५१ विंडसरच्या ऑर्डरने घडवलेले असतात, १-३-७-२-६-५-४-८. कॅमच्या डब्यातलं कार्ड वाचूनच प्लगच्या वायरी लावा, नाहीतर कार्ब्युरेटरमधून भडका येतो.

मागचं मेन सील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं. मूळ दोरीचं सील जागेवर राहावं म्हणून मागच्या मेन कॅपमध्ये एक छोटी पिन असते. निओप्रीनचं दोन तुकड्यांचं सील घालताना ती काढली नाही तर सीलला भोक पडतं आणि ऑइल गळतं. पिन काढा, भोक सीलंटने बुजवा, सीलची ओठाची बाजू इंजिनाच्या आत ठेवा, आणि सीलची टोकं कॅपच्या सांध्यावर येऊ देऊ नका, सेंटिमीटरभर सरकवा.

रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे आर्म. १९६६च्या मध्यापासून या हेडना रेल रॉकर आले. रॉकरच्या दोन कडा व्हॉल्व्हच्या टोकाला धरून ठेवतात. व्हॉल्व्हचं टोक घासून आखूड झालं की त्या कडा रिटेनरवर (व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवरच्या टोपीवर) टेकतात आणि लॉक निसटू शकतं. हेड मशीनिंगहून परत आलं की हे अंतर बघूनच घ्यावं.

शिसंविरहित पेट्रोलसाठी कडक व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या) घालण्याचा आग्रह सगळीकडे होतो. वर्षाला दोन-तीन हजार मैल चालणाऱ्या गाडीत, जुन्या सीट चांगल्या असतील तर ते पैसे ब्रेककडे वळवावेत. त्रास देतं ते इथेनॉल. ई-१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) पेट्रोल जुन्या रबराला नरम करतं. सगळी रबरी फ्युएल होज एसएई जे३० आर९ दर्जाची घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर स्टॅबिलायझर घाला.

टायमिंगच्या बाबतीत एक सूचना. जुन्या डॅम्परच्या दोन कड्यांमध्ये रबर असतं आणि बाहेरचं कडं पन्नास वर्षांत सरकलेलं असू शकतं. त्यावरची खूण मग खोटं बोलते. पिस्टन स्टॉप घेऊन एक नंबरच्या सिलिंडरचा खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) शोधा, खूण जुळत नसेल तर डॅम्पर बदला. मूळ सीबी पॉइंटचा (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या संपर्काचा) गॅप ०.०१७ इंच. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर हे झंझट संपतं, पण इंजिन बंद असताना किल्ली ऑनवर ठेवली की ते मॉड्यूल जळतं. रेडिओ ऐकत गॅरेजमध्ये बसणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

ब्रेकवर झालेला खर्च एका पैशाचाही खुपत नाही. या गाडीला पुढे ड्रम होते. १९६७पासून दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर आला ही मोठी गोष्ट, पण घाटासारख्या उतारावर ड्रम तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. पुढे चार पिस्टनचे डिस्क बसवले. करताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा झडप असतो. तो डिस्कच्या सर्किटमध्ये राहिला तर पॅड घासत राहतात आणि चाक गरम होतं. दुसरं म्हणजे मागच्या ड्रमसाठी दाब कमी ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, नाहीतर जोराच्या ब्रेकला मागची चाकं आधी लॉक होतात. ड्रमवाली १४ इंची स्टीलची चाकं बऱ्याचदा कॅलिपरला अडतात, त्यामुळे चाकांचा खर्च आधीच धरा.

सस्पेन्शनमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त जाणवणारं काम: वरच्या कंट्रोल आर्मची भोकं एक इंच खाली पाडणं. टेम्प्लेट लावून ड्रिल करायचं, बस. वळणावर गाडी आता टायरच्या कडेवर लोळत नाही. अलाइनमेंटला १९६७चं पुस्तक दाखवू नका, ते जुन्या पद्धतीच्या बायस-प्लाय टायरांसाठी आहे. रेडियलसाठी चाकांचे कोन असे: कॅस्टर +२ अंशांच्या आसपास, कॅम्बर ० ते -०.५, टो-इन १/८ इंच. खालच्या आर्मचे रबरी बुश असलेले बोल्ट गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळायचे. लिफ्टवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. शॉक टॉवरला (वरचा आर्म बसतो त्या पत्र्याच्या खांबाला) भेगा आहेत का हे मात्र याआधी बघा.

वायरिंग पूर्ण नवं टाकलं आणि तेही समाधानाच्या बाजूला. मूळ रचनेत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून जातो आणि त्या स्विचमध्येच सर्किट ब्रेकर असतो. जास्त वॅटचे हॅलोजन लावले की तो तापतो आणि रात्री रस्त्यावर दोन्ही दिवे गुल होतात, थंड झाला की परत लागतात. दोन रिले, १२ गेजची वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज. स्विचकडे मग फक्त रिलेचा करंट. मीटरच्या मागे एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो, तो सरासरी ५ व्होल्ट देतो. मीटरचा डबा रंगवताना त्याची अर्थिंग तुटली की पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदम टोकाला जातात, आणि गेज जळायला वेळ लागत नाही. रंग खरवडून वेगळी अर्थिंग वायर द्या.

एक गोष्ट सौंदर्यात मोडत नाही म्हणून लोक टाळतात. या गाडीत पेट्रोलची टाकी म्हणजेच डिक्कीची जमीन, आणि डिक्की व मागची सीट यांच्यामध्ये फक्त पुठ्ठ्यासारखा बोर्ड. मागून धडक बसली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. मध्ये स्टीलचा पत्रा बसवणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. १९६७च्या गाड्यांत साधारणपणे कमरेचेच पट्टे असत, खांद्याचे पट्टे लावताना मागे मजबुतीची प्लेट वेल्ड करूनच बोल्ट घ्यावा.

आता रोजच्या वापराचं. लिटरला सहा-सात किलोमीटर. ६५ मैलांच्या वेगाला इंजिन २,६०० आरपीएमच्या आसपास फिरतं, त्यामुळे ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स न बसवल्याचं दुःख नाही. एओडी (फोर्डचा ओव्हरड्राइव्हवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बसवणाऱ्यांनी त्याची टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबल नीट जुळवावी, चुकली तर क्लच जळतात. उन्हाळ्यात टर्नपाइकवरच्या ट्रॅफिकमध्ये तापमान चढायचं. नवा मोठा रेडिएटर घेण्याआधी फॅनचा श्राउड (त्याच्याभोवतीचं आवरण) बघा. नसेल तर लावा, आणि फॅनची पाती अर्धी श्राउडच्या आत हवीत. खालच्या होजमध्ये स्प्रिंगही हवी, नाहीतर वेगात होज आत चिकटते. इतक्यानेच काटा मध्यावर आला. पॉवर स्टीअरिंगची बाहेरची सिलिंडर-पद्धत गळते, नवी किट टाकूनही थेंब पडतोच. गॅरेजमध्ये पुठ्ठा पसरून ठेवा.

विमा ठरलेल्या रकमेचाच घ्यावा, बाजारभावाचा नको, आणि त्यासाठी रिस्टोरेशनची बिलं आणि फोटो जपून ठेवावेत. रस्त्यावर मीठ पडायला लागलं की गाडी आत: टाकी भरलेली, बॅटरीला टेंडर (हळू चार्ज देत राहणारा चार्जर), टायरमध्ये हवा थोडी जास्त, आणि दारांच्या व रॉकर पॅनलच्या (दारांखालच्या पट्टीच्या) आतल्या पोकळीत मेणाचा फवारा. डिक्कीत कायम असतात: एक फॅन बेल्ट, दोन फूट फ्युएल होज आणि क्लॅम्प, पॉइंट-कंडेन्सरचा जुना संच (इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल वाटेत गेलं तर वीस मिनिटांत परत बसतो), १/२ इंचाचा पाना आणि सीटखाली हाताशी येईल असं आग विझवायचं नळकांडं.