अक्षरं रेखीव हवीत, तर पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत की स्क्रीनमध्ये?

जवळपास सारख्याच किमतीचे दोन लॅपटॉप. एकात वेगळं ग्राफिक्स कार्ड, पण स्क्रीन 15.6 इंची साधी फुल एचडी, म्हणजे 1920 बाय 1080 ठिपक्यांची. दुसऱ्यात प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स, पण स्क्रीन 14 इंची, 2880 बाय 1800. मी दुसरा घेतला. तुमचं काम वेगळं असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकेल.

माझा बहुतेक वेळ मराठी मजकुराची प्रुफं तपासण्यात जातो. फुल एचडीवर पीडीएफचं अख्खं पान एकदम बघायला घेतलं की ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ सारखेच दिसायचे. ‘वरिष्ठ’ बरोबर छापलंय की ‘वरिष्ट’ झालंय, हे कळायला झूम करायचं, पान सरकवायचं, पुन्हा लहान करायचं. ‘सर्वांना’मधला रफार आणि अनुस्वार तर एकमेकांत मिसळूनच जायचे. संध्याकाळपर्यंत डोळे शिणायचे आणि शंका तशीच उरायची. माझ्यापुरता निर्णय इथेच झाला. नव्या स्क्रीनवर अख्खं पान समोर ठेवूनही जोडाक्षरं सुटी सुटी वाचता येतात.

कार्डाने यात काही बदललं नसतं. पॅनेलवरचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात: त्या 15.6 इंची स्क्रीनवर इंचाला सुमारे 141, या 14 इंचीवर सुमारे 243. कुठल्या ठिपक्यात कोणता रंग भरायचा, एवढंच ग्राफिक्सच्या हातात असतं, आणि मजकुराचं पान दाखवणं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला अगदी सहज जमतं. शिवाय ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने 2010 मध्ये ऑप्टिमस हे तंत्र आणलं तेव्हापासून कितीतरी लॅपटॉपांत कार्ड कामाला लागलं तरी चित्र स्क्रीनपर्यंत पोचवतं ते प्रोसेसरमधलं ग्राफिक्सच. वर्ड किंवा ब्राउझर चालू असताना तर कार्ड बहुधा बंदच असतं.

गेमची गोष्ट निराळी. कार्ड कमी पडलं तर गेम कमी रिझोल्यूशनवर, म्हणजे कमी ठिपक्यांत, चालवावा लागतो, चित्र ताणलं जातं आणि खरोखर धूसर दिसतं. गेम, ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर किंवा व्हिडिओचं जड काम रोजचं असेल, तर कार्डवालाच घ्यावा असं मलाही वाटतं.

माझ्या निवडीतही उणिवा आहेत. इतके ठिपके उजळायचे तर बॅटरी जास्त लागते. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते प्रमाण, 200 टक्क्यांवर ठेवावं लागतं, आणि एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरला ते कळत नाही. मग विंडोज त्याची अख्खी खिडकी ताणून मोठी करते आणि तिथली अक्षरं मऊ दिसतात. मला असं सॉफ्टवेअर क्वचितच उघडावं लागतं, त्यामुळे चालून जातं.

दुकानात जाताना रोजच्या वापरातली एखादी मराठी पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या. दोन्ही लॅपटॉपांचं रिझोल्यूशन ‘रेकमेंडेड’वर आहे ना ते बघा, आणि झूम न करता एक परिच्छेद वाचा.