जुन्या मशीनला नवीन एसएसडी: क्लोन मारायचा की कोरं विंडोज टाकायचं? (फक्त ॲक्टिव्हेशनच्या बाजूने)

सेकंडहँड मशीन घेतलं की पहिलं काम म्हणजे त्यातली दमलेली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवणं, हे आता कुणाला सांगायला नको. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जुन्या डिस्कचा जसाच्या तसा क्लोन मारायचा, का पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकायचं? स्पीडचं म्हणाल तर मला दोन्हीकडे सारखाच वाटला, कोरं जरा हलकं वाटतं पण तो मनाचा खेळही असेल. मी इथं फक्त लायसन्सचं बोलतो, कारण शेवटी नडतं तिथंच. कोल्हापुरात माझं डिझाईनचं छोटं काम आहे, लग्नपत्रिका, वास्तुशांती, वाढदिवसाचे फ्लेक्स (इथं वाढदिवस माणसाचा कमी आणि फ्लेक्सचा जास्त असतो), आणि मशीन्स सगळी सेकंडहँड, पुण्या-बेंगलोरच्या कंपन्यांच्या लॉटमधनं आलेली, राजारामपुरीत मिळतात तसली. दोन्ही प्रकार करून झालेत.

आधी एक गैरसमज बाजूला करू. डिस्क बदलली म्हणून लायसन्स जात नाही, ते डिस्कवर नसतंच. २०१२ ला विंडोज ८ आल्यापासून ब्रँडेड मशीनची की (म्हणजे विंडोजच्या लायसन्सचा नंबर) बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच, लिहून येते, त्याआधी विंडोज ७ पर्यंत खाली स्टिकर असायचं, जे लॅपटॉप मांडीवर ठेवून ठेवून पुसून गेलेलं असायचं. २०१५ ला विंडोज १० बरोबर डिजिटल लायसन्स आलं, म्हणजे तुमच्या हार्डवेअरचा एक ठसा मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर राहतो आणि तेच एडिशन (होम, प्रो, एंटरप्राइझ यातलं जे असेल ते) परत टाकून नेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. या ठशात सगळ्यात वजन मदरबोर्डला. त्यामुळे डिस्क बिनधास्त बदला, पण बोर्ड बदललेला असेल तर गोष्ट वेगळी, आणि रिफर्बिश्ड डेस्कटॉपमध्ये बोर्ड बदललेले असतातच बरेचदा, दुकानदार सांगेलच असं नाही.

आता क्लोन. क्लोनची बाजू खरंच भक्कम आहे, उगाच नावं ठेवणार नाही. संध्याकाळी दुकान बंद करताना लावायचा, सकाळी एसएसडी बसवायची, डिझाईनचं कोरल उघडतं, शेकडो फॉन्ट जागेवर, प्रिंटरचे प्रोफाईल जागेवर, श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डाँगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) लावला की चालू. ज्यांच्याकडे जीएसटीची कामं आहेत त्यांची डिजिटल सहीच्या टोकनची ड्रायव्हरं, ती कुठल्या सीडीवरून टाकलेली तेही आठवत नसतं, ती सुद्धा तशीच येतात. पाचशे जीबीची डिस्क आणि एसएसडी २५६ ची असेल तर सी ड्राइव्ह आधी आक्रसून घ्यावा लागतो आणि डिस्कला बॅड सेक्टर असतील तर क्लोन मध्येच मान टाकतो, पण ही काही मोठी दुखणी नाहीत.

आणि ॲक्टिव्हेशन? सेटिंग्जमध्ये जाऊन बघितलं तर छान 'ॲक्टिव्ह' दिसतं. गोम इथंच आहे. क्लोन हा आधीच्या विंडोजचं ॲक्टिव्हेशन जसं असेल तसं उचलून आणतो, आणि आधीच्या विंडोजचं ॲक्टिव्हेशन नक्की कुणाचं होतं हे कुणी बघितलेलंच नसतं.

कंपनीच्या मशीनवर बहुतेक व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे बऱ्याच मशीन्ससाठी एकत्र घेतलेलं लायसन्स असतं. कंपनीच्या आत एक केएमएस नावाचा सर्व्हर असतो, प्रत्येक मशीन त्याच्याकडे दर सात दिवसांनी हजेरी लावायला बघतं, एकदा हजेरी लागली की पुढचे १८० दिवस चालतं. मशीन विकलं गेलं की हजेरी घेणारा मास्तरच संपला. म्हणजे दुकानदार 'ॲक्टिव्हेटेड आहे साहेब' म्हणतो ते खोटं नसतं, त्या दिवशी. काही ठिकाणी तर ते पण नाही, तीन-चारशे रुपयांत फॉरमॅट आणि ॲक्टिव्हेशन म्हणून खोटाच केएमएस बसवून देतात, तो विंडोज डिफेंडर या अँटिव्हायरसने कधीतरी उडवला की परत पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या दुकानातल्या एका डेस्कटॉपचं हेच झालं. क्लोन मारला, मस्त चालू होतं, आणि ऐन लग्नसराईत एक दिवस स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ती राखाडी अक्षरं आली, 'ॲक्टिव्हेट विंडोज', खाली अजून एक बारकी ओळ. काम थांबत नाही हे खरं, वॉलपेपर बदलता येत नाही एवढंच, त्यामुळे बरेच लोक तसंच वर्षानुवर्षे वापरतात, आणि तुमचं काम नुसतं बिलं काढायचं असेल तर तुम्हीही वापराल. पण मी गिऱ्हाइकाला स्क्रीनवर प्रूफ दाखवतो. प्रूफ फुल स्क्रीन केलं तरी ती अक्षरं सगळ्याच्या वर बसतात, आणि आमच्या पत्रिकेत उजव्या कोपऱ्यात खाली कोण असतं तर पोरांची ओळ, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. बरोबर तिच्या डोक्यावर.

नवरीचे काका म्हणले, "हे इंग्लिशमधलं बी छापून येणार काय?"

नाही हो, ते कॉम्प्युटरचं आहे.

"मग काढा की ते."

आता काढा की म्हणजे काय सांगणार. त्यांनी मोबाईल काढला, स्क्रीनचा फोटो मारला, घरच्या ग्रुपवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत मला त्यांच्या घरातल्या माणसांचे फोन, कुणी म्हणतंय स्पेलिंग बघा, कुणी म्हणतंय विंडोज हे कुणाचं नाव आहे, एक आजी तर म्हणल्या आपल्याकडं तसलं कोण नाही. पीडीएफ पाठवून मिटवलं. पण पुढच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवायच्या आधी तेच पुराण सांगायचं, 'हे छापत नाही, हे कॉम्प्युटरचं आहे', याचा मला असा वीट आला की बस्स. दुसऱ्या कुणाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. माझ्यापुरता निकाल तिथंच लागला.

आणि यातली खरी गंमत पुढेच. त्याच मशीनच्या बायोसमध्ये विंडोज प्रो ची अस्सल की गप्प पडून होती, मशीन बनवणाऱ्या कंपनीने दिलेली. वर चालत होतं ते आधीच्या ऑफिसचं एंटरप्राइझ एडिशन. एडिशन जुळल्याशिवाय की लागू होत नाही, त्यामुळे क्लोनवर जास्त झटापट न करता मी पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज टाकलं. इन्स्टॉलरने की विचारलीसुद्धा नाही, बायोसमधली स्वतः वाचली, प्रो टाकलं आणि वायफाय जोडल्यावर मी ड्रायव्हर शोधत होतो तोवर ॲक्टिव्हेट पण झालं होतं. तुमच्या क्लोनवर प्रो च असेल आणि बायोसमध्ये पण प्रो असेल तर 'चेंज प्रॉडक्ट की' मध्ये ती की टाकून क्लोनही सुधारता येईल, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

म्हणून डिस्क काढायच्या आधी, जुनं विंडोज चालू असतानाच बघून घ्या. रनमध्ये (विंडोजचं बटण आणि R एकत्र दाबलं की येते ती खिडकी) एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर (slmgr /xpr) टाका. कायमचं ॲक्टिव्हेट आहे असं आलं तर बरं, तारीख आली तर समजायचं ते व्हॉल्यूमचं. मग तसंच स्लॅश डीएलआय (slmgr /dli). त्यात ओईएम डीएम चॅनल दिसलं तर बायोसमधली की वापरात आहे, अजून काही बघायचं नाही. केएमएस क्लायंट दिसलं, किंवा कीची शेवटची पाच अक्षरं टी८३जीएक्स असली, तर ते व्हॉल्यूमचं, क्लोन मारून उपयोग नाही. ३व्ही६६टी असली तर ती प्रो ची सर्वांना सारखीच असणारी जेनेरिक की, म्हणजे बहुतेक डिजिटल लायसन्स आहे आणि कोरं टाकल्यावर परत मिळायला हरकत नाही. शक्य असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून लायसन्स जोडून ठेवा, ही सोय २०१६ च्या अपडेटपासून आहे.

कोऱ्या विंडोजचे ताप नाहीत असं नाही. एक म्हणजे एडिशन. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये होम सिंगल लँग्वेजची की असते, नंतर कुणीतरी प्रो केलेलं असतं. इन्स्टॉलर बायोसमधली की बघून न विचारता होम टाकून मोकळा होतो, आणि माणूस बोंबलत बसतो की माझं प्रो गेलं. गेलेलं नसतं. 'चेंज प्रॉडक्ट की' मध्ये प्रो ची जेनेरिक की टाकायची, ती फक्त एडिशन बदलते, मग प्रो चं डिजिटल लायसन्स असेल तर ते सर्व्हरवरनं येतं. यात अर्धा तास जातो आणि डोकं थोडं जास्त जातं.

दुसरा ताप खरा वाईट आहे. माझ्या मावसभावाने लॅपटॉप घेतला, कोरं विंडोज टाकलं, नेट जोडलं आणि समोर कुठल्यातरी परक्या कंपनीचं नाव, 'स्वागत आहे, ऑफिसचा ईमेल टाका'. कंपनीने मशीन ऑटोपायलटला (मायक्रोसॉफ्टकडे कंपनीची मशीन्स नोंदवायची सोय) नोंदवलेलं आणि विकताना काढलेलं नाही. हे एसएसडी बदलून जात नाही, कारण नोंद डिस्कवर नाही, आणि ती काढून घ्यायला मूळ कंपनीलाच गाठावं लागतं. क्लोन मारला असता तर हा स्क्रीन आलाच नसता, हा गुण क्लोनला द्यायलाच पाहिजे. अर्थात कधीतरी रिसेट मारल्यावर आलाच असता, आणि तोवर दुकानदाराची परत घ्यायची मुदत संपलेली असती. त्याला दुकानदाराने मुकाट बदलून दिलं, मुदतीत होता म्हणून. मला तर वाटतं कोरं टाकून हे लवकर कळलेलं बरं.

बायोसमध्ये की नाही, डिजिटल लायसन्स नाही, बोर्ड बदललेला, अशी अवस्था असेल तर दोन्ही प्रकार सारखेच निकामी. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की टाकून १० ॲक्टिव्हेट करायची वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली, आधी पडलेलं डिजिटल लायसन्स तेवढं चालतं. ऑनलाइन तीनशे-चारशेला मिळणाऱ्या कीच्या नादाला लागू नका, त्यातल्या पुष्कळ कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम की असतात, ब्लॉक झाल्या की तीच राखाडी अक्षरं. अधिकृत घ्या, नाहीतर नुसतं ब्राउझर आणि यूट्यूब असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाका, त्याला कुणी लायसन्स विचारत नाही.

अजून एक गोष्ट पारडं थोडं कोऱ्याकडे झुकवते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेल आठव्या पिढीचं किंवा त्यापुढचं मशीन आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) असेल तर १० चं डिजिटल लायसन्स ११ ला चालतं, मग थेट ११ च टाकलेलं सोयीचं, क्लोन मारून परत अपग्रेडची वाट बघत बसण्यापेक्षा. ११ सेटअपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा हट्ट धरतं, ते मला आवडत नाही, पण सहन होतं.

तरी सगळ्यांनी कोरंच टाका असं मी म्हणणार नाही. तपासणीत ओईएम डीएम आलं, एक्सपीआरने कायमचं म्हणलं, आणि मशीनवर विकत घेतलेली चार-पाच सॉफ्टवेअरं बसलेली आहेत ज्यांच्या सीडी-पावत्या हरवल्यात, तर खुशाल क्लोन मारा, मी स्वतः श्रीलिपीच्या मशीनला तेच केलं आणि ते आजही तसंच चालू आहे. बाकीची दोन्ही मशीन्स कोरी केली. टॅली असेल तर दोन्ही प्रकारात आधी लायसन्स सरेंडर करून घ्या, नंतर परत ॲक्टिव्हेट करायला सोपं जातं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू आहे का बघा, असला तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. काढलेली डिस्क लगेच पुसू नका, यूएसबी केसमध्ये घालून दोन-तीन महिने ठेवा आणि शाहूपुरीकडचे असाल तर वरच्या मजल्यावर ठेवा, २०१९ चा पूर बघितलेल्यांना कारण सांगायला नको. आणि अजून मशीन घ्यायचंच असेल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच स्लॅश एक्सपीआर मारायला सांगा, दुकानदार टाळाटाळ करायला लागला तर किंमत पाडून मागायला तेवढं निमित्त पुरतं.