डोसिंग पंप आणि टू-पार्ट : रीफ टँकवर अकरा महिने वापरल्यानंतर

न्यू जर्सीतल्या आमच्या घरात ४० गॅलनचा रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचं खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय आहे. दगडांनी अडवलेली जागा सोडून आणि सम्पमधलं (टँकला जोडलेल्या वेगळ्या टाकीतलं) धरून पाणी भरतं साधारण १५० लिटर. सुरुवातीला आत मऊ प्रवाळच जास्त होते, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत होतं. मग मॉन्टिपोरा, बर्डस्नेस्ट आणि हॅमर कोरल या दगडी प्रवाळांच्या फ्रॅग्जनी (लावलेल्या तुकड्यांनी) जोर धरला, आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलूनही अल्कलिनिटी (प्रवाळ सांगाड्यासाठी वापरतात ते पाण्यातलं कार्बोनेट, डीकेएच या एककात मोजतात) ७ डीकेएचच्या खाली घसरायला लागली. तेव्हा गेल्या सप्टेंबरात दोन हेडचा, म्हणजे दोन द्रावणं वेगवेगळ्या नळ्यांतून मोजून टाकणारा डोसिंग पंप घेतला आणि टू-पार्ट सुरू केलं.

भारतातून वाचणाऱ्यांना आधीच सांगते. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणला पाण्यात डोकं घातल्यावर जे दिसतात, ते तिथेच बघायचे. माझ्याकडचे सगळे फ्रॅग टँकमध्ये वाढवलेल्या कॉलनीचे तुकडे आहेत.

टू-पार्ट म्हणजे दोन बाटल्या : एकीत कॅल्शियम क्लोराईड, दुसरीत सोडियम कार्बोनेट. तयारही मिळतं, पण मी रँडी होम्स-फार्ली या रसायनशास्त्रज्ञाच्या कृतीने घरी करते. ५९४ ग्रॅम खायचा सोडा ट्रेमध्ये पातळ पसरून १५० अंश सेल्सिअसला तासभर भाजायचा आणि गॅलनभर आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवायचा. पहिल्यांदा भाजताना सासूबाई इथेच होत्या. "अगं, एवढा सोडा कशाला भाजतेस?" म्हणाल्या. प्रवाळाचा सांगाडा चुन्याचाच, तो बांधायला लागतो म्हटल्यावर त्यांना लगेच पटलं. रोज पानाला चुना लावणाऱ्या बाई त्या. भाजलेला सोडा मात्र खायचा राहत नाही. डबा वेगळा ठेवा आणि त्यावर ठळक लिहा.

माझ्या टँकमध्ये या द्रावणाचे साधारण २८ मिली घातले की अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढते. सुरुवात रोज ५ मिलीने केली, आता १७ मिली जातात, म्हणजे दिवसाचा खप ०.६ डीकेएच. कॅल्शियमही तेवढेच मिली, कारण सांगाडा दोन्ही ठरावीक प्रमाणातच उचलतो : २.८ डीकेएचमागे २० पीपीएम कॅल्शियम. म्हणजे माझ्याकडे रोज जेमतेम ४ पीपीएम कॅल्शियम जातं. टँकमधल्या ४२० पीपीएममधले ४ कमी झालेले कुठल्याही घरगुती किटला कळत नाहीत. अल्कलिनिटीत तीच घट स्पष्ट दिसते. म्हणून कॅल्शियम मी पंधरवड्याला मोजते, मॅग्नेशियम महिन्याला (१३५० च्या आसपास असलं की झालं), आणि अल्कलिनिटी रोज.

अल्कलिनिटी मोजायला हॅना कंपनीचा चेकर, हे हातात मावणारं यंत्र वापरते. रोज संध्याकाळी सात वाजता, दिवे चालू असताना, टँकच्या त्याच कोपऱ्यातून सिरिंजने १० मिली पाणी चेकरच्या बाटलीत. बाटली मऊ फडक्याने पुसायची, बोटाचा एक ठसा राहिला तरी आकडा हलतो. आधी शून्य करून घ्यायचं, मग १ मिली रिएजंट, हलक्या हाताने पाच वेळा उलटी-सुलटी. जोरात हलवलं तर काचेला बारीक बुडबुडे चिकटतात आणि वाचन चुकतं. एवढं करूनही या यंत्रात ०.३ डीकेएच आणि वर वाचनाच्या पाच टक्क्यांइतका फरक कंपनी स्वतःच धरते. त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर पंपाला हात लावायचा नाही. मी चार दिवस बघते.

हे मला मार्चमध्ये कळलं. आकडा दोन आठवडे थोडाथोडा उतरत ६.८ वर आला. मला वाटलं, प्रवाळ वाढले, खप वाढला. हेडची नळी दबून दबून सैल झाली होती आणि १० मिली म्हटल्यावर ७ च मिली टाकत होती, हे मोजपात्रात धरून बघितलं तेव्हा समजलं. पण ते बघण्याआधीच मी घाबरून एका रात्रीत सोड्याच्या द्रावणाचे ४० मिली हाताने ओतले होते. पंपाजवळ पाणी दुधाळ झालं. तिसऱ्या दिवशी मॉन्टिपोराची जांभळी कड पांढरी पडली. नखाएवढी पट्टी, पण दिवसागणिक आत सरकत होती. फार वाईट वाटलं. तो तुकडा मी वर्षभर वाढवला होता.

नळी बदलली, डोस होता तोच ठेवला. तरी अल्कलिनिटी चढत ९ वर गेली. म्हणजे खप पडला होता, ०.५ वरून ०.२ वर. बर्डस्नेस्ट आणि हॅमर दिसायला अगदी ठणठणीत होते, फुललेले होते, पण सांगाडा बांधणं त्यांनी जवळजवळ थांबवलं होतं. डोळ्यांना ते दिसणं शक्यच नव्हतं. तेव्हापासून वहीत आकड्याशेजारी खपाचा रकाना आहे : आधीचा आकडा, अधिक मध्ये घातलेलं, वजा आजचा. डोस खपाबरोबर खाली आणला. खप पूर्ववत व्हायला सहा आठवडे लागले. आता कितीही कमी दिसलं तरी दिवसात ०.५ डीकेएचपेक्षा जास्त वर नेत नाही.

हिवाळ्यातली तक्रार वेगळीच. घर बंद, हीटिंग चालू, त्यात डिसेंबरात बारा पाहुणे. सकाळी पीएच ७.७५. बंद घरात सगळ्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईड पाण्यात उतरतो, दुसरं काही नाही. खिडकी दोन इंच उघडली की दुपारपर्यंत ८ च्या वर जायचा. शेवटी स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीतून बाहेर काढली, आणि त्यानंतर पीएच ७.९ च्या खाली गेला नाही. यासाठी कुठलीही बाटली विकत घेऊ नका.

लहानसहान गोष्टी दोन-तीन. दोन्ही नळ्यांची तोंडं सम्पमध्ये लांब लांब ठेवा आणि दोन डोसांत अर्धा तास तरी जाऊ द्या, नाहीतर चुना तिथल्या तिथेच साका धरतो. टू-पार्टमधून शेवटी मीठ उरतं, त्यामुळे खारटपणा हळूहळू चढतो. पाणी बदलणं थांबवू नका. नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणायच्या मागे लागू नका. माझ्याकडे नायट्रेट ८ आणि फॉस्फेट ०.०६ आहे, रंग छान आहेत.

पंप परत घेईन का? घेईन, पण जादा नळ्यांसकट, आणि दर महिन्याला मोजपात्र लावून. आवाज होतो, बेडरूमजवळ चालणार नाही.

पुढच्या महिन्यात गणपतीला तीन आठवडे पुण्याला जातोय. शेजारच्या काकांना चेकर शिकवून झालाय. त्यांचं वाचन माझ्याशी ०.१ ने जुळतं. बाटल्या भरून ठेवणार नाही. दर रविवारी ते प्रत्येक बाटलीत मोजून १२० मिली ओततील, म्हणजे पंप अडकून रात्रभर चालला तरी आठवड्याच्या डोसापलीकडे टँकमध्ये काही जाणार नाही.