ताजा रंग आणि रिकामी फिरणारी मोटर: जुनी रंधा मशीन घेताना झालेली फसवणूक

छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्यांपैकी बरेच जण रंधा मशीन (फिरत्या पात्यांनी लाकूड तासून सपाट करणारी) जुनीच शोधतात, आणि ते योग्यच आहे. बिडाच्या जड टेबलाचं स्थैर्य अ‍ॅल्युमिनियमच्या हलक्या टेबलाला येत नाही. पण या ओढीवरच डोळा ठेवून बसलेले विक्रेते आहेत. मला ज्याने फसवलं तो अजूनही तशाच मशीन विकतो आहे, म्हणून सगळं तपशिलाने लिहितो.

जाहिरात होती 'सिंगल फेज, 2 हॉर्सपॉवर, कमी वापरलेली'. माझ्याकडे घरगुती सिंगल फेज वीज आहे, कारखान्यांत लागणारी थ्री फेज नाही हे मी आधीच सांगितलं होतं आणि मोटर मूळची सिंगल फेज आहे ना, असं स्पष्ट विचारलंही होतं. "मूळचीच आहे, काही उघडलेलं नाही," हे त्याचं उत्तर. बटण दाबल्यावर मशीन फिरली, आवाजही एकसारखा होता. मोटरवरची पाटी रंगवताना काढली आणि हरवली, असं तो म्हणाला.

पहिली रुंद फळी घातली आणि मोटर दबली. पातं लाकडात शिरलं की वेग पडायचा, वास यायचा, हात लावता येणार नाही इतकी मोटर तापायची. विक्रेत्याचं म्हणणं, लाकूड ओलं असेल. मग म्हणाला, पाती बोथट असतील. नवी धार लावली, तरी तेच. शेवटी मोटर बांधणाऱ्या कारागिराने टर्मिनल बॉक्स (मोटरला तारा जोडायची डबी) उघडला. आत यू, व्ही, डब्ल्यू अशी अक्षरं असलेल्या जोडण्यांच्या तीन जोड्या. म्हणजे थ्री फेजची मोटर, आणि बाहेरून एक कपॅसिटर (वीज साठवून सोडणारा भाग) जोडून सिंगल फेजवर पळवलेली.

ही जोडणी होऊ शकते, ती बेकायदा जादू नाही. पण अशा मोटरची ताकद साधारण दोन तृतीयांशावर येते आणि सुरुवातीचा जोर तर फारच पडतो. रिकामी असताना ती झकास फिरते, आणि विक्रेता दाखवतो तेही नेमकं तेवढंच. मूळच्या सिंगल फेज मोटरच्या टर्मिनलवर बहुधा यू आणि झेड अशी अक्षरं असतात. व्ही आणि डब्ल्यू दिसले की प्रश्न विचारा. झाकणाचे स्क्रू उघडायला दोन मिनिटंही लागत नाहीत. जो उघडू देत नाही, त्याच्याकडून घेऊ नका.

मोटरपेक्षा वाईट गोष्ट नंतर कळली, आणि तिचा राग अजून जात नाही. रंधून काढलेल्या दोन फळ्या कडेला कड लावून ठेवल्या की टोकं टेकायची आणि मध्ये फट राहायची. मी सेटिंग बदलत राहिलो. लांब सरळ पट्टी पात्यांच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही टेबलांवर ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं तेव्हा दिसलं की मागचं टेबल बाहेरच्या टोकाला खाली झुकलंय. खालचा रंग खरवडला तर टेबल पेलणाऱ्या कानाला (बाहेर आलेल्या बिडाच्या भागाला) आरपार तडा, त्यात पुट्टी भरलेली, वर जाड हिरवा रंग. ही झीज नाही. कोणीतरी तडा पाहिला, घासला, बुजवला, रंगवला आणि मग मला विकला. बिडाचं वेल्डिंग करून घेता येतं, पण उष्णतेने टेबल ओढलं जातं आणि ते पुन्हा मशीनिंग करून सपाट करावं लागतं. तो खर्च धरला की स्वस्त मशीन स्वस्त उरत नाही.

मशीन बघायला जाताना छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. जाड पुट्टीवर ते नीट चिकटत नाही. रंग ताजा असेल तर टेबलाचे कान, पायांचे जोड, बेअरिंगची घरं इथे आधी फिरवा. आपली सरळ पट्टी न्या आणि आपलं लाकूडही न्या. मशीनच्या पूर्ण रुंदीची, कडक जातीची फळी तिथेच रंधून दाखवायला सांगा. पैसे देण्याआधी फेज आणि हॉर्सपॉवर लिखित संदेशात मागा. माझ्याकडे तो संदेश होता, तरी त्याने फोन उचलणं बंद केलं. पण तक्रार करताना हाती पुरावा तेवढाच होता.

नव्या स्वस्त मशीनमध्ये खोटं बोलण्याची जागा म्हणजे खोक्यावरचा आकडा. 230 व्होल्टवर 10 अँपिअर म्हणजे 2300 वॅट, आणि 746 वॅटचा एक हॉर्सपॉवर. एवढ्या विजेतून काहीही वाया न जाता 3 हॉर्सपॉवरच्या आसपास निघतील. उष्णतेत जाणारी वीज वजा केली की दोन-सव्वादोन. तेवढ्याच प्लगवर चालणाऱ्या मशीनवर साडेतीन छापलं असेल तर तो आकडा सतत मिळणाऱ्या ताकदीचा नाही.

आणि एक तपासणी पैशांची नाही, बोटांची आहे. फार जुन्या रंधा मशीनमध्ये पाती बसवायचा ब्लॉक चौकोनी असतो. त्याच्या आणि टेबलाच्या मधल्या मोठ्या फटीत हात खोलवर ओढला जातो. गोल ब्लॉकमध्ये ती फट लहान असते. प्लग काढून, हाताने पुली फिरवून पाहा. ब्लॉक चौकोनी निघाला तर ती मशीन फुकट मिळाली तरी आणू नका.