फुल्चीचा 'झोंबी': विझार्डची कॅसेट घ्यावी की आजची डिस्क?

इटालियन दिग्दर्शक लुचिओ फुल्चीचा 1979 चा भयपट 'झोंबी' संग्रही हवाय आणि पैसे एकदाच खर्चायचेत. मग विझार्ड व्हिडिओची जुनी व्हीएचएस कॅसेट घ्यायची, की ब्लू अंडरग्राउंड या अमेरिकी कंपनीने 2020 मध्ये काढलेली 4के (ब्लू-रेपेक्षाही बारीक तपशील दाखवणारी) डिस्क? आधी ठरवा, सिनेमा बघायचाय की कपाटात मिरवायचाय.

मिरवायचा असेल तर विझार्डला तोड नाही. चित्रपट निर्माता चार्ल्स बॅण्डने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काढलेली ही कंपनी काही वर्षांतच आटोपली, पण तेवढ्यात तिने स्वस्तातल्या भयपटांचा सपाटा लावला. नाव झालं ते खोक्यामुळे. साध्या कॅसेटच्या वेष्टनापेक्षा कितीतरी मोठं पुठ्ठ्याचं खोकं आणि त्यावर भडक चित्र! भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानात नजर आधी तिकडेच जाणार. आतला सिनेमा तितका भारी निघेलच असं नाही, पण तोवर भाडं भरून झालेलं.

बघायला म्हणून कॅसेट घेत असाल तर थांबा. सिनेमा 2.35:1 अशा रुंद चौकटीत चित्रित झालाय. जुन्या टीव्हीचा 4:3 पडदा भरायचा तर चित्राचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग छाटावा लागतो. पाण्याखाली झोंबी आणि शार्क भिडतात, तो प्रसंग असा तुकड्यात काय बघायचा? शिवाय अमेरिकी कॅसेट एनटीएससी, आपला जुना व्हीसीआर पाल; या दोन वेगळ्या व्हिडिओ पद्धती, एकीची कॅसेट दुसरीच्या यंत्रावर नीट चालत नाही. म्हणजे दोन्ही चालवणारं मल्टिसिस्टिम यंत्र शोधा, तेही जुनंच, कारण नवे व्हीसीआर बनणं 2016 मध्येच थांबलं. त्यात कोकणातला पावसाळा. टेपला बुरशी लागली की यंत्राचं हेडही (टेप वाचणारा भाग) गेलंच समजा.

4के डिस्क सिनेमाच्या मूळ निगेटिव्हवरून केलेली आहे, काटछाट न करता. 4के डिस्कला रिजन कोडची, म्हणजे ठरावीक देशांतल्याच प्लेअरवर चालण्याची, भानगड नसते. स्वस्त पडते म्हणून साधी ब्लू-रे मागवणार असाल तर कोड तपासा: अमेरिका ए, भारत सी. मी डिस्कच घेईन.

तरीही खोकंच हवं? मग 2013 आठवा. गोदामात विझार्डची जुनी खोकी सापडली म्हणून ती विक्रीला आली, आणि ही तर नवीच छपाई, अशी शंका संग्राहकांनी घेतली. विकणाऱ्याकडून खोक्याच्या कडांचे आणि कॅसेटवरच्या लेबलाचे फोटो मागवा. कडा घासलेल्या दिसल्या तर उलट बरंच, खोकं खरंच जुनं असण्याची शक्यता जास्त.